सुत्यावरचे दोन ठिपके

माझी ममतामावशी नव्या चांदीला जुनी करते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात तिचं घर आहे. मागच्या अंगणात नळाजवळ एक ओटा आहे, आणि त्या ओट्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा, एक जुनी चहाची गाळणी आणि अंडी उकडायचं वेगळं पातेलं. ते पातेलं स्वयंपाकघरात येत नाही. श्यामकांतकाका, म्हणजे तिचे यजमान, अंड्याला हात लावत नाहीत. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून अंडी तेच आणतात.

मावशीनं तीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू वापरत. तो सोडला की मुलींच्या पायातल्या पैंजणांवर काळं चढायचं आणि त्या रडकुंडीला यायच्या. मावशी ते पैंजण उकळत्या पाण्यात सोडा टाकून, अल्युमिनियमच्या चंदेरी कागदावर ठेवून पुन्हा लख्ख करून द्यायची. निवृत्त झाल्यावर सदर बाजारातल्या दयाराम सोनारानं तिला उलटं काम विचारलं. "दीदी, आजकल सबको पुराना चाहिए. नया माल पुराना दिखे, ऐसा कुछ होगा क्या?"

मावशीला हसू आलं, पण तिनं करून दाखवलं. गरम उकडलेली अंडी सालासकट कुस्करायची, डब्याच्या तळाशी पसरायची, वर गाळणीत दागिना असा ठेवायचा की अंड्याला टेकणार नाही. झाकण घट्ट. दर दहा मिनिटांनी बघायचं. चांदी आधी पिवळसर होते, मग तांबूस, मग मोरपिशी निळी, आणि शेवटी काळी. हवा तेवढा रंग आला की काढून धुवायची. मग मलमलीच्या चिंधीवर खायचा सोडा घेऊन उंचवटे घासायचे. खोलगट भागात काळं राहतं, वरचं उजळतं, आणि दागिना पन्नास वर्षं कुणी अंगावर वागवल्यासारखा दिसायला लागतो.

खरी मेख त्या घासण्यात होती. दागिना सगळीकडून सारखा झिजत नाही. म्हणून एखाद्या हरवलेल्या दागिन्याची जोड, म्हणजे हुबेहूब तसाच दुसरा, बनवायची असली, तर मावशी माणसांना विचित्र प्रश्न विचारायची. दागिना ज्यांचा, त्या कोणत्या कुशीवर झोपायच्या? पाट्यावर वाटताना कोणता हात वापरायच्या? बोलताना दागिन्याशी खेळायची सवय होती का? उत्तरं लिहून घ्यायची आणि मग आठ दिवस तो दागिना स्वतः घालून वावरायची. म्हणायची, "हातानं घासलेलं खोटं दिसतं ऋता. अंगानं घासलेलं कळत नाही."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भाजणाऱ्या वाऱ्याची लू चालू असताना, भर दुपारी एक गृहस्थ आले. निरंजन त्यांचं नाव, पन्नाशीचे, नवा रायपूरला सरकारी कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर. मी त्या दिवशी सुट्टी असल्यानं मावशीकडेच होते. त्यांनी पिशवीतून एक सुता काढला. सुता म्हणजे गळ्याभोवती बसणारं चांदीचं भरीव कडं, इकडच्या खेड्यांतल्या बायका घालतात. हा कोरा करकरीत होता.

"माझ्या आईचा असाच होता," ते म्हणाले. "आमचं गाव धमतरी रस्त्यावर. लग्न झालं तेव्हा बाबांनी गावच्या सोनाराकडून करून तिच्या गळ्यात घातला. आई जाऊन तीन वर्षं झाली. सुता... सुता चोरीला गेला. बाबा आता शहाऐंशीचे आहेत, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. रोज विचारतात, मीराचा सुता कुठे आहे, माझ्या हातात दे. हा नवा करून दिला तर बोट फिरवलं आणि फेकून दिला. म्हणाले, हा तिचा नाही."

"मग खोटा देऊन फसवाले काहून पाहता?" मावशीनं सरळ विचारलं.

"ताई, ते दिवसभर हाका मारतात. नर्स टिकत नाहीत. त्यांच्या हातात काहीतरी दिलं तर शांत होतील."

मावशीला त्यांची दया आली. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. निरंजननी आठवून आठवून सांगितलं. आई डाव्या कुशीवर झोपायची. फार बोलायची नाही. सुता रात्रंदिवस गळ्यात असायचा, आंघोळीलासुद्धा. त्यांनी जुने फोटोही आणले होते, आठ-दहा. मीराबाई बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, गळ्यात सुता.

त्याच संध्याकाळी मावशीनं सुता डब्यात ठेवला. काळा रंग छान चढला. पुढची बाजू तिनं फोटोत पाहून उजळली आणि सुता गळ्यात अडकवला. मागची बाजू फोटोत दिसत नव्हती, म्हणून तिथे काळा रंग तसाच ठेवला.

तीन-चार दिवसांनी मी गेले तर श्यामकांतकाका बाहेर ओट्यावर बसलेले. उन्हाच्या झळा लागत होत्या तरी आत जाईनात.

"आत काहून नाही बसत?" मी विचारलं.

"मी आत गेलो का ते उठून उभी राहते," काका हळूच म्हणाले.

"कोण?"

"तुझी मावशी. मी खोकललो तरी उभी राहते. काल मले विचारते, 'दार लावून घेऊ का?' दुपारी तीन वाजता. पस्तीस वर्षांत असं कधी विचारलं नाही तिनं."

मी आत गेले. मावशी जमिनीवर, भिंतीला पाठ अगदी टेकवून बसली होती. तिला जमिनीवर बसवत नाही, गुडघे दुखतात, म्हणून तिची खुर्ची असते. खुर्ची रिकामी होती. ती तांदूळ निवडत होती. मला पाहून हसली, इकडचं तिकडचं बोलली. सगळं नेहमीसारखं. तेवढ्यात बाहेर काका खोकलले. मावशीचा डावा अंगठा पटकन वर गेला, सुत्याच्या आत शिरला आणि गळ्यापासून सुता पुढे ओढून धरला. जणू श्वासापुरती जागा करून ठेवावी तसा. बोलणं मात्र चालूच होतं.

"मावशी, हे काय करून राहिली?"

"काय?"

मी तिच्या हाताकडे बोट दाखवलं. तिनं खाली पाहिलं. अंगठा अजून आतच होता. तिनं तो सावकाश बाहेर काढला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"घट्ट आहे थोडा," ती म्हणाली. "घामानं खाजते."

पण नंतर तिनं मला मागच्या अंगणात उजेडात नेलं, सुता काढला आणि माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला, मानेवर येतो तिथे, काळ्यामध्ये दोन ठिपके होते. लख्ख पांढरे, शेजारी शेजारी, बोटाच्या पेरांएवढे.

"हे मी केले नाहीत," मावशी म्हणाली. "परवा पहिल्यांदा दिसले. पुन्हा डब्यात ठेवून काळे केले. काल पुन्हा आले. पुन्हा काळे केले. आज सकाळी बघ."

"घामानं झालं असेल."

"घामानं चांदी काळी पडते ऋता, उजळत नाही. आणि उशीवर घासली तर पूर्ण पट्टा उजळेल. दोन बोटांएवढंच कसं उजळेल?"

मी तिला म्हटलं, उतरवून ठेव, परत करून टाक. ती म्हणाली, "आठ दिवसांचं बोलली आहे मी." हट्टी आहे ती. आणि प्रयोग अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नाही.

सहाव्या दिवशी तिनं मला फोन करून बोलावलं. निरंजननी दिलेले फोटो तिनं पलंगावर दोन ओळींत मांडले होते. "हे बघ, आणि मले सांग काय दिसते," म्हणाली.

वरच्या ओळीत मीराबाई एकट्या, किंवा मुलाबरोबर, किंवा बायकांत. हात मांडीवर, नाहीतर मुलाच्या खांद्यावर. खालच्या ओळीत पाच फोटो. त्या प्रत्येकात शेजारी किंवा मागे एक उंच, रुंद हाताचा माणूस. आणि पाचही फोटोंत मीराबाईंचा डावा अंगठा सुत्याच्या आत, सुता गळ्यापासून पुढे ओढलेला. एका फोटोत त्या तरुण आहेत, एकात केस पांढरे झालेत. अंगठा तोच, तिथेच.

"फोटो मी आज पाहिले नीट," मावशी म्हणाली. "आधी फक्त सुता पाहत होती. अंगठा मी त्या फोटोतून नाही उचलला."

तिनं माझ्यासमोर निरंजनना फोन लावला. "मागची बाजू कशी होती सुत्याची? झिजलेली होती का?"

मग ते म्हणाले, "मागचं कोण पाहतं ताई? झालं असेल तर घेऊन या. बाबा फार त्रास देऊन राहिले."

आठव्या दिवशी मी मावशीला स्कूटीवर बसवून नवा रायपूरला नेलं. दुपारचे बारा वाजत आले होते. तिकडचे रस्ते एवढे रुंद, आणि त्यावर ना माणूस ना कुत्रं. एकसारखी घरं, बंद खिडक्या. दार निरंजननीच उघडलं. घरात दुसरं कुणी दिसलं नाही. नर्स त्या सकाळीच काम सोडून गेली होती.

आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. पलंगावर निरंजनचे बाबा, यशवंतराव, उशांना टेकून बसले होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण हात अजून फोटोतलेच, रुंद, लांब बोटांचे. डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला.

"बाबा, आईचा सुता सापडला," निरंजन म्हणाले. आवाज लहान पोराचा झाला होता.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. मावशीनं सुता त्या हातात ठेवला. त्यांनी पुढच्या बाजूवरून बोट फिरवलं, तिथे थांबले नाहीत. बोटं सरळ मागे गेली. दोन बोटं चाचपडत त्या दोन ठिपक्यांवर आली आणि तिथे बसली. रोजच्या पायताणात पाय सरकावा तशी. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"हा तिचाच," ते म्हणाले. मग मावशीच्या दिशेनं मान वळवली. "घाल."

"बाबा, या सोनाराकडच्या ताई आहेत—" निरंजन म्हणाले.

"घाल. नुसता हातात समजत नाही."

मला वाटलं मावशी नाही म्हणेल. प्राचार्यांना तोंडावर सुनावणारी बाई ती. पण तिनं सुता घेतला, गळ्यात घातला, आणि पलंगाजवळ खाली जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिचे गुडघे वाजले नाहीत की ती कण्हली नाही. बसता बसता तिचा डावा अंगठा सुत्याच्या आत गेला.

म्हाताऱ्याचा हात खाली आला. दोन बोटं मानेमागून सुत्यात शिरली, आणि त्यांनी मनगट हळूच फिरवलं. पाव वेढा. सुता गळ्यात रुतला.

"कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे, पाणी मागावं तसं.

मावशीचा चेहरा तांबडा होत चालला होता, पण ती धडपडत नव्हती. अंगठ्यानं जेवढी जागा धरून ठेवली होती तेवढ्यातून श्वास घेत होती, हे सगळं रोजचं असल्यासारखं. मी निरंजनकडे पाहिलं. ते दारात उभे होते, दोन्ही हात मागे, नजर फरशीवर. पन्नास वर्षांचा माणूस, पण तिथे उभं एक लहान पोरगं होतं आणि ते तिथे आधीही असंच उभं राहिलेलं होतं.

"सोडा!" मी ओरडले आणि म्हाताऱ्याची बोटं धरली. इतक्या वाळलेल्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. एक एक बोट उचकटून काढावं लागलं. ती सुटली तसे ते उशीवर टेकले. समाधानी दिसत होते.

"जा आता," ते म्हणाले. "चहा टाक."

मी मावशीला धरून स्वयंपाकघरात आणलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. खोकली, पाणी प्यायली. मग तिचा आवाज परत आला, तिचा स्वतःचा.

"तुमाले माहीत होतं," ती निरंजनना म्हणाली.

त्यांनी मान डोलावली.

"आणि चोरीला गेला म्हणाले ते?"

"गेला नाही चोरीला." ते खाली स्टुलावर बसले. "शेवटी आई दवाखान्यात होती. तपासणीसाठी नर्सनं सुता काढला. आईनं मले जवळ बोलावलं. म्हणाली, हा पुन्हा माझ्या गळ्यात घालू नको, आणि घरीही नेऊ नको. नदीत सोड. मी तिच्या अस्थींबरोबर महादेव घाटावर खारून नदीत सोडला. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. तीन वर्षं झाली. दुसरा दिला तर ते गप्प बसतील असं वाटलं. मी एवढंच पाहिलं."

"तिनं बुडवलेला तुम्ही माझ्याकडून पुन्हा घडवून घेतला," मावशी म्हणाली.

आतून हाक आली, "मीरा!" आणि तिघांचेही खांदे एकदम आवळले गेले. मावशीचा अंगठा वर गेला, पण या वेळी तिनं तो अर्ध्यात थांबवला. दोन्ही हातांनी सुता गळ्यातून काढला आणि ओट्यावर ठेवला.

"पातेलं द्या मोठं. सोडा आहे का घरात? आणि पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद?"

सगळं होतं. तिनं पाणी उकळलं, पातेल्याच्या तळाशी कागद अंथरला, वर सुता ठेवला, सोडा टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. फसफसून फेस आला. खोलीभर सडक्या अंड्याचा वास पसरला. आठ दिवस चढवलेला काळा रंग पाच मिनिटांत उतरला. दोन ठिपके इतर चांदीत मिसळून गेले. कुठे होते ते बोटालाही कळेना. मावशीनं सुता पुसून निरंजनच्या हातात दिला.

"हा नवा आहे. कोणाचाच नाही. आता आत जा आणि खरं काय ते सांगा त्याईले."

"मी?"

"मग कोण? मी?"

ते उठले. आत गेले. कूलरच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण बोलत होते हे ऐकू येत होतं. बराच वेळ. म्हाताऱ्याचा आवाज एकदाही आला नाही. आम्ही थांबलो नाही.

पुढचं निरंजननी फोनवर कळवलं. त्या दिवसापासून यशवंतरावांनी सुता मागणं सोडलं, हाका मारणंही सोडलं. कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नवी नर्स टिकली. सुता निरंजननी दयारामकडे वितळवायला दिला. त्याचं पुढे काय केलं ते मावशीनं विचारलं नाही.

मी एकदा मावशीला छेडलं, की तुला खरंच काय वाटतं, ते ठिपके कुठून आले? तिनं प्रयोगशाळेतल्या वहीचं उत्तर दिलं. "निरीक्षण लिहायचं. अनुमान सुचत नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची. भरायची म्हणून भरायची नाही." दयारामच्या दुकानाचे झुमके-पैंजण ती अजून काळे करते. पण कुणाच्या हरवलेल्या दागिन्याची जोड करत नाही, आणि गळ्यात काही घालून बघत नाही.

श्रावणात एका सकाळी निरंजनचा फोन आला. यशवंतराव पहाटे गेले. तेव्हा मी तिथे नव्हते. पुढचं काकांनी मला सांगितलं.

मावशीनं फोन खाली ठेवला आणि सरळ न्हाणीघरात गेली. डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर येऊन ओल्या केसांनीच आरशासमोर उभी राहिली, आणि कपाळावरची टिकली काढली. काका दारातून पाहत होते.

टिकली बोटावर घेऊन ती किती तरी वेळ तशीच उभी होती. मग आरशातच तिला काका दिसले. ती दचकली. वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि टिकली घाईनं जागेवर लावली. वाकडी लागली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही जरा इथे येऊन बसा माझ्याजवळ."

काका गेले आणि बसले. मावशी त्यांच्या शेजारी, आपल्या खुर्चीवर बसली.